जनावरांच्या मागे लागणारा कुत्रा : दोष कुणाचा?

खरिपाची पिके निघून शेते मोकळी झाली की मेंढपाळांचे वाडे गावोगाव उतरू लागतात. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागांतील धनगर बांधव दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही नदीकाठच्या बागायती मुलखात फिरतात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. मेंढ्यांचे खांड, पाठीवर बिऱ्हाड लादलेली घोडी, दोन-चार कोंबड्या आणि राखणीची कुत्री असा हा चालता संसार असतो. शेतकऱ्यास लेंडीखत हवे असते, म्हणून तो एक-दोन रात्री मेंढ्या शेतात बसवून घेतो व त्याचा मोबदला धान्याच्या किंवा पैशाच्या रूपाने देतो. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून त्यात दोन्ही पक्षांचे हित आहे. त्यात विघ्न आणणारी जी कारणे माझ्या पाहण्यात आली, त्यांपैकी एकाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ते कारण म्हणजे आपल्याच अंगणातील, रात्री मोकळा सोडलेला कुत्रा.

माझ्या मंडळातील एका गावी दोन हिवाळ्यांपूर्वी घडलेली हकिकत सांगतो. गावच्या पूर्वेस एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात वाडा उतरला होता. मध्यरात्रीनंतर दोन कुत्री वाघरीच्या जाळ्याखालून आत शिरली. कोकरे वेगळी कोंडलेली होती. मेंढपाळ जागा होऊन काठी घेऊन धावेपर्यंत पाच कोकरे मेली होती. तीन मेंढ्यांच्या मांड्या व शेपटीकडील भाग फाडला गेला होता. पुढील आठवड्यात दोन गाभण मेंढ्या गाभडल्या. वाड्याची घोडी पायबंद घालून बांधलेली होती. शिंगरू जवळ असल्याने ती बिथरली, दोराला हिसके देऊन पडली व तिचा मागचा पाय हाडापर्यंत सोलून निघाला. सकाळी गाव जमले तेव्हा शेताचा मालक ठामपणे म्हणाला, "हा लांडगाच." वस्तुस्थिती अशी होती की त्या दोहोंपैकी एक कुत्रा त्याचाच होता. तो पहाटे ओट्यावर येऊन निजला होता आणि त्याच्या छातीचे केस रक्ताने चिकटलेले होते.

लांडगा आणि कुत्रा यांच्या हल्ल्यांत फरक असतो आणि तो शेतकऱ्यास ओळखता आला पाहिजे. लांडगा भुकेपोटी येतो, बहुधा गळा धरतो व शक्य तर कोकरू उचलून नेतो. पोटभर भाकरी खाल्लेला गावचा कुत्रा खेळापोटी येतो. तो एकास सोडून दुसऱ्यामागे लागतो, मागचे पाय, कूस, कान जे तोंडात येईल ते फाडतो आणि मारलेल्यापैकी फारच थोडे खातो. अनेक जनावरे जखमी आणि खाल्लेले काहीच नाही असे दृश्य दिसले तर प्रथम गावातील कुत्र्यांची तोंडे तपासावीत. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई शासनाकडून मिळू शकते, कुत्र्याने केलेल्या नुकसानीची मिळत नाही. त्यामुळे खरे बोलण्याचा मोह कुणालाच होत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पुढे जे घडले ते अधिक वाईट होते. तिसऱ्या रात्री कुणीतरी भाकरीत विष घालून तुकडे बांधावर टाकले. त्यात वाड्याचा स्वतःचा राखणीचा कुत्रा मेला आणि गावातील एक निरुपद्रवी कुत्री मेली. तिची चार पिले मागे राहिली. ज्या कुत्र्यांनी कोकरे मारली ती दोन्ही जिवंत राहिली. म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याचीच राखण गेली.

मी पशुवैद्यक नाही, कृषी अधिकारी आहे, आणि कृषी महाविद्यालयाच्या चार वर्षांत कुत्रा या विषयावर आम्हांस एकही तास झाला नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याने असाच प्रश्न विचारला तेव्हा मी बेधडक सांगून टाकले की कुत्रा रात्रंदिवस साखळीने बांधून ठेवा. त्याने तसे केले. सहा महिन्यांनी साखळी तुटली तेव्हा त्या कुत्र्याने गोठ्यातील नव्या वासराचा कान तोडला. माझ्या सल्ल्यातील चूक मला पुढे वाचनाने व जुन्याजाणत्या मेंढपाळांशी बोलून कळली. ती चूक इतर कुणी करू नये, हाही या लेखाचा एक हेतू आहे.

कुत्रा पळणाऱ्या प्राण्यामागे धावतो, हा त्याचा जातिस्वभाव होय. त्यात दुष्टपणा नाही. कोंबडीमागे धावणाऱ्या पिलास पाहून घरातील मुले टाळ्या पिटतात, मोठी माणसेही हसतात. करडू उड्या मारीत पळते, पिलू त्याच्यामागे पळते, आणि त्यास वाटते की आपण फार उत्तम काम केले. वर्षभराने तोच कुत्रा पंचवीस किलोचा झालेला असतो आणि खेळ तोच असतो. त्यास दुसरा जोडीदार मिळाला म्हणजे खेळाचे रूपांतर शिकारीत होण्यास वेळ लागत नाही. एकटा असताना मेंढीकडे ढुंकूनही न पाहणारा कुत्रा दोघा-तिघांच्या टोळीत वेगळाच होतो. "आमचा कुत्रा असा नाही," असे मालक शपथेवर सांगतो ते यामुळेच. दिवसा त्याच्या डोळ्यांसमोर तो खरोखरच तसा नसतो.

याला आपण आणखी एक खतपाणी घालतो. गाय व्याली की वार उकिरड्यावर टाकतो. मेलेले वासरू ओढ्याकाठी फेकतो. कोंबड्यांच्या खुराड्यातील मेलेली पिले कुंपणापलीकडे भिरकावतो. कुत्र्याला हे सारे आयते मिळते आणि त्यामागोमाग गावोगावची कुत्री तेथे जमून टोळी बनते. गोठ्यात वार पडताच ती खाण्यासाठी आत शिरलेल्या कुत्र्याने अर्धवट जन्मलेल्या रेडकाचे कान व शेपटी तोडल्याची उदाहरणे पशुवैद्यकांकडून मी ऐकली आहेत. वार, मेलेले जनावर व कत्तलीनंतरचे अवशेष हे खोल खड्ड्यात चुना घालून पुरले पाहिजेत. हे काम श्रमाचे आहे खरे, परंतु याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

आता घोड्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे घोडी थोडी राहिली आणि ती राखणाऱ्यांसाठी लिहिणारेही थोडे. दख्खनचे भीमथडी तट्टू अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदले गेले आहे. ती जात आजवर टिकली ती मुख्यतः मेंढपाळांच्या वाड्यांमुळे. घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. मागून काही धावत आले की तो प्रथम पळतो आणि पळता येत नसेल तर लाथ मारतो. मोकळी, शिंगरू असलेली घोडी एका कुत्र्यास पुरून उरते. तिची लाथ बरोबर बसली तर कुत्र्याचा जबडा मोडतो, प्रसंगी जीवही जातो. परंतु पायबंद घातलेल्या घोडीस ना पळता येते, ना लाथ मारता येते. भीतीने ती उसळते, दोरात अडकते व पडते. म्हणून ज्या गावी मोकाट कुत्री अधिक आहेत तेथे घोडीचे पाय रात्री बांधू नयेत. तिला मेखेला एका लांब दोराने बांधावे, शिंगरू आतल्या बाजूस ठेवावे आणि मुक्काम वाघरीला लागून करावा.

घरच्या कुत्र्यास घोड्याची सवय लावायची तर ती दुरून लावावी. कुत्रा पट्ट्याला व दोरीला धरून इतक्या अंतरावर उभा करावा की त्यास घोडा दिसेल पण त्याचा कान-शेपूट ताठ होणार नाही. त्याने घोड्यावरून नजर काढून आपल्याकडे पाहिले की भाकरीचा तुकडा द्यावा. रोज दहा-पंधरा मिनिटे असे केले व अंतर दर दोन-चार दिवसांनी थोडे थोडे कमी केले तर काही आठवड्यांत कुत्रा घोड्याजवळून शांतपणे चालू लागतो. मात्र घोड्यासमोर कुत्र्यास काठीने झोडपू नये. आपणास वाटते की मार धावण्याबद्दल बसला, कुत्र्यास वाटते की मार घोड्यामुळे बसला, आणि पुढील वेळी तो अधिक त्वेषाने त्याच्या अंगावर जातो. त्याचप्रमाणे शेळीमागे धावून दोन तासांनी घरी परतलेल्या कुत्र्यास मारण्यातही काही अर्थ नाही. घरी येणे वाईट, एवढाच धडा तो त्यातून घेतो आणि मग हाक मारली तरी येत नाही.

दुभत्या जनावरांचे नुकसान दात न लागताही होते. धार काढण्याच्या वेळी कुत्रा गोठ्यात भुंकत शिरला की म्हैस पान्हा चोरते. भयामुळे तिच्या रक्तात जे द्रव्य उतरते ते पान्हा सोडणाऱ्या द्रव्याच्या कार्यास अडथळा करते. मग गवळी म्हशीस शिव्या देतो, सरकी पेंड वाढवितो आणि कुत्रा मात्र गोठ्याच्या दारात बसलेलाच असतो.

मग करावे काय? माझे मत स्पष्ट आहे. ज्याचा कुत्रा त्याची जबाबदारी, आणि ती जबाबदारी दिवे लागणीपासून उजाडेपर्यंत विशेष. रात्री कुत्रा मोकळा असेल तर राखण चांगली होते ही समजूत मला पटत नाही. मोकळा कुत्रा आपल्या अंगणात थांबत नाही, तो गावाची फेरी करतो, आणि चोर आला त्या वेळी तो तिसऱ्या शिवारात असतो. राखण हवी असेल तर गोठ्याच्या दोन टोकांस खांब रोवून त्यांत जाड तार ताणावी, तिच्यात सरकती कडी घालावी आणि कडीला हलकी साखळी जोडावी. खांबांच्या अलीकडे तारेला गाठ द्यावी म्हणजे साखळी खांबाला गुंडाळली जात नाही. या रीतीने कुत्र्यास वीस-पंचवीस हात फिरता येते, गोठ्याच्या दोन्ही बाजू त्याच्या नजरेखाली राहतात, आणि भुंकून जागे करण्याचे त्याचे काम तो चोख बजावतो. जवळ सावली व पाणी असावे. दिवसातून दोनदा त्याला शेतावर फिरवून आणावे. कायम आखूड साखळीला जखडलेला कुत्रा चिडका होतो, हे मी माझ्या त्या पहिल्या सल्ल्यातून शिकलो. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे क्रौर्यही ठरते.

गळ्यात लोढणे अडकविण्याची जुनी रीत आहे. ओढाळ गुराला ती चालते, कुत्र्यास ती मी सुचविणार नाही. कुत्रा काटेरी कुंपणातून शिरतो, लोढणे फांदीत अडकते आणि गळफास बसतो. त्याऐवजी वीस हात लांबीची हलकी दोरी पट्ट्याला बांधून ती जमिनीवर लोळती ठेवावी व कुत्रा आपल्या डोळ्यांसमोर असतानाच ती वापरावी. तो कोंबडीमागे झेपावला की दोरीवर पाय द्यावा, त्यास थांबवावे, हाक मारून जवळ घ्यावे आणि आल्याबद्दल काहीतरी खावयास द्यावे. यास चिकाटी लागते. आठ महिने ते दीड वर्ष या वयाचे कुत्रे सर्वांत अधिक खोड्या करतात, म्हणून दोन वर्षांचा होईपर्यंत त्यास कळपाजवळ एकटे सोडू नये.

पिलापासून सुरुवात करता आली तर निम्मे काम आपोआप होते. जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पिलू ज्यांच्या सहवासात राहते त्यांस ते आपले मानते. मेंढपाळांच्या वाड्यातील पिले कोकरांच्या उबेत वाढतात, त्यांच्या आईने खांडाची राखण करताना पाहतात, आणि पुढे तीच खांड राखतात. जातिवंत, महागडा, लांब केसांचा कुत्रा आणून अंगणात मिरविण्यापेक्षा वाड्यातील एखादे पिलू मागून घेणे शेतकऱ्यास अधिक हिताचे आहे, असे मला वाटते. पिलू कोकरामागे धावले तर त्याच क्षणी उचलून बाजूस ठेवावे. हसू नये, एवढे मुलांना सांगावे.

एकदा कोकरे मारलेला प्रौढ कुत्रा सुधारतो काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझा अनुभव असा की त्यास ताब्यात ठेवता येते, त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही. खच्चीकरणाने तो कमी भटकेल, मादीमागे गावभर हिंडणार नाही आणि टोळीत कमी सामील होईल, म्हणून ते अवश्य करावे. परंतु पाठलागाची गोडी शस्त्रक्रियेने जात नाही. अशा कुत्र्यास जेथे शेळ्या-मेंढ्या नाहीत अशा ठिकाणी, सर्व हकिकत सांगून, देता आले तर द्यावे. न देता आले तर तो जन्मभर तारेवर राहील, हे मालकाने स्वीकारावे. हकिकत लपवून दुसऱ्या गावी सोडून येणे मात्र अत्यंत गैर आहे. आपला त्रास आपण शेजारच्या गावाच्या पदरात टाकतो आणि वर पुण्य केल्याचे समाधान मानतो.

विषाविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. विष कुणाच्या तोंडी जाईल हे टाकणाऱ्याच्या हाती नसते. कुत्रा, मांजर, घार, कावळा, प्रसंगी पोरही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे खोडसाळपणे कोणत्याही जनावरास मारणे अथवा विष देणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र अपराध आहे. शिवाय त्याचा उपयोगही होत नाही. उकिरडा आणि मेलेली ढोरे जागेवर असतील तर गेलेल्या कुत्र्याची जागा दुसरा घेतो. बेवारस कुत्र्यांचे खच्चीकरण व लसीकरण करणे ही २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ग्रामपंचायतीने ती टाळली तर ग्रामसभेत तिला जाब विचारावा. निधी नाही असे उत्तर येते हे मी जाणतो. तथापि लेखी मागणीच केली नसेल तर निधी येणार कोठून?

जखमी जनावराकडे पाहताना एक चूक सर्रास होते. मेंढीच्या लोकरीखाली दाताची भोके दिसत नाहीत. वरून किरकोळ वाटणारी मेंढी चार दिवसांनी जखमेत किडे पडून मरते. कुत्र्याचा हल्ला झालेल्या प्रत्येक मेंढीची लोकर कातरून अंग चाचपावे, प्रत्येक जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, टाके घालण्याची घाई करू नये, हळद-चुना-राख जखमेत भरू नये, आणि पशुवैद्यकास बोलवावे. त्यासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. धुताना हातांत मोजे घालावेत. कारण येथून पुढचे भय कोकरांच्या किमतीहून फार मोठे आहे.

जलसंत्रास झालेल्या, म्हणजेच पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रोगाचे विषाणू असतात, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग माणसात अथवा जनावरात बरा होत नाही. चावलेल्या जनावरास लक्षणे दिसण्यापूर्वीच लस टोचावी लागते. चावल्याचा दिवस शून्य धरून शून्य, तीन, सात, चौदा व अठ्ठावीस या दिवशी पाच मात्रा देण्याची पद्धत आहे. जनावर खाणे-पिणे सोडते, लाळ गाळते, घोगरा हंबरडा फोडते. शेतकऱ्यास वाटते की घशात काही अडकले, आणि तो तोंडात हात घालतो. याच ठिकाणी माणसे संकटात सापडतात. असे जनावर दिसताच त्यास दूर बांधावे, तोंडात हात घालू नये, त्याचे दूध वापरू नये. कुणाचा हात अगोदरच गेला असेल, ओरखडा असो वा नसो, तर त्याने हात धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. घरच्या कुत्र्यास तीन महिन्यांच्या वयात पहिली लस, पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे पूरक मात्रा व दरवर्षी लस टोचली तर हे सारे टळते. ज्याने आपला कुत्रा टोचला नाही त्याने शेजाऱ्याच्या गोठ्याला आग लावण्याची तयारी ठेवली आहे, असे मी सभांतून बोलतो. काही जणांना ते कठोर वाटते.

मेंढीच्या फुप्फुसात वा यकृतात पाण्याने भरलेले फोड दिसतात. कसाई ते फोड असलेले मांस कुत्र्यास फेकतो. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात, मेंढ्या ते गवत खातात, आणि तीच अंडी हातातोंडावाटे माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतातही तसेच फोड होतात. म्हणून असे अवयव पुरावेत व कुत्र्यास ठराविक अंतराने जंतनाशक द्यावे.

त्या गावाच्या तंट्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. शेताच्या मालकाने प्रथम कुत्रा आपला नाही असे सांगितले, मग आपला आहे पण बांधलेला होता असे सांगितले, आणि शेवटी पंचांसमोर पाच कोकरांची व दोन गाभडलेल्या मेंढ्यांची बाजारभावाने किंमत दिली. दुसऱ्या कुत्र्याचा मालक अद्यापि कबूल झालेला नाही. घोडीच्या औषधाचा खर्च कुणीच दिला नाही, तो मेंढपाळाने सोसला. पाय बरा झाला परंतु ती ओझे घेऊन घाट चढण्यास पुन्हा लायक झाली नाही, आणि वाड्याचे बिऱ्हाड त्या वर्षी एका घोडीवर कमी पडले. मेलेल्या कुत्रीच्या चार पिलांपैकी दोन जगली. एक मेंढपाळाने उचलून नेले. दुसरे, मालकाच्या धाकट्या मुलीच्या हट्टामुळे, त्याच शेतावर आहे आणि तारेवर बांधलेले मी गेल्या महिन्यात पाहिले. थोरल्या कुत्र्यासाठी दुसरी तार आहे. ती थोडी सैल पडली होती, ती घट्ट करून घेण्यास मी सांगून आलो आहे. वाडा यंदा पुन्हा त्याच रानात उतरावयाचा आहे.